फिलिपिनो बँड आणि हिची म्हैस

आमच्या गोठ्यात फिलिपिन्सचा रेगे बँड वाजला, असं मी सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग जरा पुढं वाकून तोंडाचा वास घेतात. घ्या खुशाल. कृष्णेचं पाणी आणि हिच्या हातचा चहा सोडला तर मी काही पीत नाही. मला थोडं वाढवून सांगायची सवय आहे हे मात्र खरं. सांगलीपासून साताऱ्यापर्यंत कुणालाही विचारा. पण माझा एक नेम आहे. मी दुधात पाणी घालतो, पाण्यात दूध घालत नाही.

म्हैस हिची, म्हणजे माझ्या बायकोची. ही एकदा माहेराला गेली ती येताना टेम्पोत रेडी घालून घेऊन आली. लोकांच्या बायका माहेराहून लुगडी आणतात, लोणची आणतात. हिनं चार पायांचं आणि दोन शिंगांचं आणलं. जातीची पंढरपुरी, शिंगं पाठीवरून मागं अशी गेलेली, की तिला गोठ्यात वळवायची म्हणजे एसटी वळवल्यासारखं मागं एक माणूस उभा करावा लागायचा. ही तिला उन्हाळ्यात अंगावर ओलं पोतं टाकायची, थंडीत शेकोटी करायची, आणि मी तापानं फणफणलो तर म्हणायची, "पडा जरा, म्हशीचं आवरून येते."

तर ती म्हैस पहिल्यांदा व्यायली, आणि त्याच दिवशी ही गोठ्यात घसरून पडली. उजवं मनगट गेलं. मिरजेला नेलं. मिरजेत दवाखाने एवढे, की वाऱ्यानं पाटी उडाली तर डॉक्टरच्याच डोक्यात पडते आणि टाके घालायला शेजारचा डॉक्टर खिडकीतून हात बाहेर काढतो. तिथं हिला कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं. गाडीत बसल्यावर ही पहिलं काय बोलली असेल? "आवं, धार कोण काढणार?"

प्रश्न बरोबर होता. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. आवाज अजून परेडचा, पण बोटं संधिवातानं आखडलेली. उरलो मी. माझे हात ताशाचे. मी गावच्या बँजो पार्टीत ताशा वाजवतो. वरातीत टेम्पोवर बँजो आणि कॅसिओ बांधायचा, खाली ढोल-ताशे लावायचे आणि गावाच्या खिडक्या मोजायच्या, किती शिल्लक राहिल्या ते. तासगावला आम्ही एकदा असं वाजवलं, की वेलीवरच्या द्राक्षांचे जागेवर बेदाणे झाले. असल्या हातानं मी म्हशीच्या सडाला एकदा शिवलो. पुढचं मला आठवतं ते शेजाऱ्याच्या गोठ्यातलं.

मग हिचा धाकटा भाऊ आला. माझा मेहुणा. हा मालवाहू जहाजावर आचारी. सुट्टीवर आलेला, बहिणीचा हात मोडल्याचं कळलं तसा पिशवी घेऊन आमच्याकडंच राहायला आला. पिशवीत दोन बनियन, नारळाच्या झाडाचं चित्र असलेला एक टी-शर्ट आणि एक गोल स्पीकर. पहिल्याच सकाळी गोठ्यात गेला, स्पीकर खुंटीला अडकवला आणि धारेला बसला.

मी परसात दात घासत होतो. कानावर गाणं आलं आणि माझा हात तोंडातच थांबला. ते गाणं चालायला निघायचं आणि पहिल्या पावलाला थबकायचं. आपल्याकडं कसं, पहिला ठोका म्हणजे घरचा कर्ता. तो जोरात आला पाहिजे, मग बाकीची पोरंबाळं. इथं पहिल्याच ठोक्याला चिडीचूप. मधे गिटार 'चिक्' करायचं, मग तिसऱ्यावर ढोल खाली बसायचा, धुम्, की पुन्हा 'चिक्', आणि पुन्हा पहिली जागा मोकळी. अंगणात पाहुणा यावा, सगळ्यांनी उठून उभं राहावं आणि खुर्ची कुणीच घेऊ नये, तसं.

"मेव्हणं, ह्यांचा ढोलवाला पैल्या ठोक्याला कुटं जातोय?" मी विचारलं.

"कुटं जात न्हाई दाजी. थितंच बसतोय. मुद्दाम मारत न्हाई."

"मारत न्हाई तर मग वाजवाय आलाय कशाला?"

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. हा बँड त्याच्या जहाजावरचाच. पाच जण, पाचही फिलिपिन्सचे. गाणारा दिवसभर डेक रंगवतो, गिटारवाला दोरखंड बघतो, ढोलवाला इंजिनाला तेल देतो. रविवारी काम आटोपलं की पाचजण डेकवर बसतात आणि रेगे वाजवतात. रेगे मूळचं जमैका नावाच्या बेटावरचं; पण ह्यांच्या देशात बेटं एवढी, की एका बेटाचं गाणं दुसऱ्या बेटावर जायला वेळ तो काय लागणार. ह्या लोकांनी त्यात आपला समुद्र घातला, आपला भात घातला, आईच्या शिव्या घातल्या, आणि ते घरचंच होऊन बसलं. मेहुणा त्यांना डाळ-भात रांधून घालतो, त्याच्या बदल्यात त्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड केलेली गाणी त्याला दिली. बँडला नावही होतं. मेहुण्यानं ते तीनदा सांगितलं आणि आमच्या घरात त्याचे पाच उच्चार झाले, म्हणून सोडून देतो.

पण म्हशीचं बघा. पहिल्या वेताची म्हैस, म्हणजे पाटी कोरी. पहिला हात ज्याचा, म्हैस त्याची. ती त्या गाण्यावर डोळे अर्धे मिटायची, कान गाण्याकडं वळवायची आणि असा पान्हा सोडायची, की बादली भरून फेस मेहुण्याच्या गुडघ्यावर. एकदा तर डेअरीवाला म्हणाला, तुमच्या घरी म्हैस एक आहे का कळप? आबासुद्धा खूश. गोठ्यासमोरून जाताना त्यांची काठी नकळत तिसऱ्या ठोक्याला टेकायची. मी बघितलं की ते ती उचलून खांद्यावर घ्यायचे, बंदुकीसारखी.

महिनाभर हे सुख चाललं. मग हिचं प्लॅस्टर निघालं आणि त्याच आठवड्यात मेहुण्याला जहाजावरून बोलावणं आलं. तो गेला, स्पीकर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे ही न्हाऊन, हळदीकुंकू घेऊन, लग्नाला बसावं तशी धारेला बसली. आपल्या म्हशीची पहिली धार. रेडकू पाजून बाजूला बांधलं, पेंडीचं आंबोण पुढं ठेवलं, सड धुतले.

थेंब नाही.

कास भरलेली, टणक, आणि म्हैस कास आवरून उभी. ही चुचकारते, गोंजारते, नावानं हाक मारते. म्हैस मान फिरवून हिच्याकडं बघते, की बाई, तू चांगली आहेस, पण तो कुठं आहे? रेडकू लावलं की थोडं सोडायची, ते ओढायला लागलं की पुन्हा कुलूप. सगळ्या जिल्ह्यातल्या पंढरपुरी म्हशी चौकात उभ्या राहून गिऱ्हाइकाच्या भांड्यात धार देतात. आमची घरच्या बाईला देईना.

आमच्याकडं यावर एक जुना उपाय आहे. बाई गावाला गेली की नवरा तिचं लुगडं अंगावर घेऊन धारेला बसतो, आणि म्हैस फसते. इथं मामला उलटा होता. हिनं भावाचा मागं राहिलेला तो नारळाच्या झाडाचा टी-शर्ट नऊवारीवर चढवला. म्हशीनं तो हुंगला, हिला नीट खालपासून वरपर्यंत बघितलं आणि नारळाच्या झाडावर शिंकली.

"हसू नका," ही म्हणाली. मी हसत नव्हतो. मी आत जाऊन हसणार होतो. पण हिचे डोळे भरलेले दिसले आणि राहून गेलं. "ल्हानाची मोटी मी केली तिला. आन पान्हा सोडती माझ्या भावाला. माझ्या हाताला काय काटं हायत का?"

आबांनी आठवडाभर वाट बघितली आणि ओट्यावर उभं राहून हुकूम काढला, "जनावर हाय का मेहमान? राशन फुल, ड्यूटी शून्य. येत्या बाजाराला काडा तिला."

"मामंजी, कास दुखत आसंल तिची. थोडं दीस…"

"सूनबाई, पलटनीत असं चालत न्हाई."

ही आत आली आणि चुलीपाशी मला हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या आबास्नी सांगा, ड्यूटी न करनाऱ्यांना बाजारला काडायचं ठरलं तर म्हस दुसऱ्या लंबरला येती ह्या घरात." पहिल्या नंबरवर कोण, ते मी विचारलं नाही. पण त्या रात्री ती जेवली नाही, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

आता काहीतरी करणं भाग होतं. मेहुण्याला निरोप धाडला. जहाज कुठल्याशा समुद्रात, तिथून दोन दिवसांनी त्यानं गाणी मोबाईलवर पाठवली. मी बाजारातून स्पीकर आणला, त्याच खुंटीला लावला. म्हशीनं गाणं ओळखलं! कान वळले, डोळे अर्धे मिटले, रवंथ सुरू झाला. ही धावत जाऊन बसली, भराभर हात चालवले. हिचा हात म्हणजे गावात एक नंबर. दोन्ही मुठींतून धार अशी लागते की पावसाची सर. म्हशीनं डोळे उघडले, पाय झाडला आणि कास पुन्हा वर. गाणं तेच, खुंटी तीच, आणि दूध नाही.

माझ्या डोक्यात आलं, की स्पीकरमधलं गाणं मेलेलं असतं, त्याला जिवंत वाजवणारी माणसं पाहिजेत. आणि वाजवणारी माणसं आमच्याकडं नाहीत का? मी आमची अख्खी बँजो पार्टी गोठ्यात उभी केली. आधी गाणं ऐकवलं.

ढोलवाला म्हणाला, "ह्येंचा ढोल्या जेवाय गेलाय का रं?"

"न्हाई गड्या. पैला ठोका मोकळा सोडायचा. तिसऱ्याला मारायचा."

"एवडंच? आरं लय सोपं हाय."

बँजोवाल्यानं तारा जुळवल्या. ठरलं. पहिला ठोका मोकळा. मी तोंडानं मोजलं आणि चौघांनी मिळून त्या मोकळ्या जागेत जो दणका हाणला, तो कृष्णेच्या पलीकडच्या काठावर ऐकू गेला. पुन्हा ठरवलं, पुन्हा तेच. आमचा दोष नाही. वरातीत ठोका सुटला की नाचणारे थांबतात, नाचणारे थांबले की त्यांना मानपान आठवतो, आणि मानपान आठवला की खुर्च्या उडतात. रिकामा ठोका दिसला की बुजवायचा, ह्यावर आमचं पोट आहे. तिसऱ्या वेळेला तर मी स्वतः त्या जागेत ताशाची अशी रेलगाडी घातली, की म्हशीनं खुंटा उपटला आणि दाव्यासकट उसात शिरली. ऊसतोडीच्या टोळीला जे हंगामात जमत नाही ते तिनं त्या दुपारी केलं.

"आरं ए," आबा ओट्यावरून गरजले, "म्हस हाय का वरातीचा घोडा?"

बाजाराचीही वाट न बघता त्यांनी व्यापाऱ्याला घरीच बोलावलं.

तो आला तो टेम्पो घेऊनच आला. फळी लावून, दोर काढून तयार. संध्याकाळची धारेची वेळ. आमच्याकडं जनावराचा सौदा बोलून होत नाही. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात आणि बोटं दाबून भाव ठरतो, म्हणजे शेजारी उभ्या राहिलेल्याला कळत नाही. आबा आणि व्यापारी ओट्यावर बसले, हात टॉवेलाखाली गेले. ही गोठ्यात म्हशीच्या गळ्याला मिठी मारून उभी. आणि माझा मोबाईल वाजला.

मेहुणा होता, व्हिडिओ कॉलवर. "दाजी, जहाज बंदरात लागलंय, रेंज झकास हाय. समदी पोरं बसल्यात. म्हशीला दावा."

पडद्यावर पाच चेहरे. एकाच्या डोक्यावर सुंभाच्या दोऱ्यांसारख्या केसांच्या वेण्या, एकाच्या कानात बाळी, आणि मागं बादल्यांवर कातडं ताणून केलेला ढोल घेऊन बसलेला एक गोल तोंडाचा. म्हैस दिसल्याबरोबर पाचही जण असे ओरडले, जणू हरवलेली चुलती सापडली. त्यांच्या देशातही म्हशी आहेत, भाताच्या चिखलात नांगर ओढतात. गोल तोंडाचा ढोलवाला तर शेतकऱ्याघरचा. त्याची आई म्हशीच्या दुधाचं चीज करते आणि केळीच्या पानात बांधून विकते.

"त्यो म्हन्तोय, शिंगं लय झ्याक हायत," मेहुण्यानं सांगितलं.

"सांग त्येला, म्हायेरची हाय माझ्या," ही म्हणाली.

मी मोबाईल खुंटीला बांधला आणि समुद्रावरचा तो बँड आमच्या गोठ्यात वाजायला लागला. म्हशीचे कान फिरले. ही बसली, हात चालू केले. म्हशीनं पाय झाडला. गाणं मधेच थांबलं. ढोलवाला काहीतरी बोलत होता, हातवारे करत होता.

"आक्का," मेहुणा म्हणाला, "त्यो म्हन्तोय, तू त्येच्या ठोक्यावर धार मारतीस. समद्याच ठोक्यांवर मारतीस. त्यो जितं गप बसतोय, थितं मार म्हन्तोय. ढोल वाजला की हात ढिला. म्या बी तसंच करत हुतो, माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

"म्हंजे पैल्याला?"

"व्हय. त्येनं ती जागा मोकळी सोडलीया न्हवं? ती तुजी."

गाणं पुन्हा सुरू झालं. हिनं डोळे मिटले. पहिला ठोका मोकळा आला. चर्र. मग 'चिक्', मग तिकडून धुम्, हिचा हात ढिला, पुन्हा 'चिक्'. चर्र. हात पळायला बघत होता आणि ही त्याला धरून ठेवत होती. ओठ हलताना दिसत होते. चर्र. धुम्. चर्र. धुम्. बादलीच्या तळाचा आवाज आधी पत्र्याचा होता, मग दुधाचा झाला. म्हशीनं एक लांब सुस्कारा सोडला, डोळे अर्धे मिटले, आणि कास अशी सुटली, अशी सुटली, की कोयना धरणाचे दरवाजे त्यापुढं नळाची तोटी. बरं, एवढी नाही. पण बादली भरली. हिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात ठोक्यावरून हलत नव्हता.

इकडं ओट्यावर वेगळंच झालं होतं. आबांची बोटं व्यापाऱ्याच्या मुठीत, टॉवेलाखाली. आणि कान गोठ्याकडं. संधिवाताची ती आखडलेली बोटं गाण्याबरोबर दाब देऊ लागली होती. तिसऱ्या ठोक्याला दाब, पहिल्याला ढील. व्यापारी चक्रावला. भाव वर जातोय, खाली येतोय, पुन्हा वर जातोय. असला तेजी-मंदीचा सौदा त्यानं जन्मात केला नव्हता. शेवटी त्यानं एका दाबाला धरलं आणि ओरडला, "जमलं! सुभेदार, म्हस माझी!"

आबांनी हात ओढून घेतला. "काय जमलं?"

"आवं, तुमी बोटं दाबली."

"ती माझी बोटं न्हवती. त्यो ढोल हुता."

"टावेलाखाली ढोल कसा यील? तुमचा शबुद हाय सुभेदार. बोटं दिली म्हंजे शबुद दिला."

आता आबा अडकले. फौजी माणूस, शब्दाला पक्का. ते माझ्याकडं बघायला लागले. मी आकाशाकडं. व्यापारी तोवर उठून गोठ्यात, दावं सोडायला.

हिनं त्याला सोडू दिलं नाही. स्वतःच सोडलं. भरली बादली आबांच्या पुढं ठेवली, पदरानं तोंड पुसलं, आणि म्हशीचं दावं आणून व्यापाऱ्याच्या हातात दिलं.

"न्या दादा," ती म्हणाली. "शबुद म्हंजे शबुद. फकस्त रोज दोन टाइम ह्या पाच जनांना जहाजावरनं बोलवायचं. आन धार त्येंच्या मोकळ्या ठोक्यावर काडायची. एकदा तशी काडून दावा बगू."

व्यापाऱ्यानं खुंटीवरच्या मोबाईलकडं बघितलं. वेण्यावाल्यानं त्याला हात केला. व्यापाऱ्यानं खाली बसून पाहिलं, गाण्यात कान घातला, मान डोलवली, बोटं पुढं केली, आणि मोकळी जागा सोडून बरोबर तिसऱ्या ठोक्याला, ढोलाच्या धुम् बरोबरच, दाबली. म्हशीनं त्याला उचलून वैरणीच्या ढिगावर नेऊन ठेवला. अलगद. पंढरपुरी शिंगांना ते जमतं.

तो उठला, अंगावरचा कडबा झटकला आणि दावं हिच्या हातात परत दिलं. "सुभेदार," तो ओट्याकडं बघून म्हणाला, "तुमची बोटं न्हवती, म्या मानलं."

"आक्का, काय चाललंय थितं?" मेहुणा पडद्यातून ओरडत होता. "पोरं इचारत्यात, थांबू का वाजवू?"

ही दावं खुंट्याला बांधत होती. गाठ मारून तिनं ती दोनदा ओढून बघितली.

"वाजवा म्हनावं," ती म्हणाली. "म्हस घरातच हाय."